विधानसभेच्या समितीचा खर्च कोण भागवतं? ग्वाल्हेरात बसून हिशेब लावण्याची रीत

मध्यप्रदेश विधानसभेची एखादी समिती ग्वाल्हेरला आली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेला फोटो येतो: लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला आमदार, दुसऱ्या बाजूला फायली उलटणारे अधिकारी. समितीने कुणाला फैलावर घेतलं ते चार ओळींत छापलेलं असतं. समितीला इथे आणायला, ठेवायला आणि परत पाठवायला किती पैसे लागले आणि ते कुठल्या खात्यातून गेले, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. त्यात बातमीदाराचा दोष थोडाच. समितीचा खर्च एका जागी लिहिलेलाच नसतो. तो तीन-चार ठिकाणी विखुरलेला असतो, आणि त्यातलं एक ठिकाण भोपाळला नसून आपल्याच कलेक्टर कचेरीत असतं.

हे तुकडे गोळा कसे करायचे ते इथे क्रमाने सांगतो. त्यासाठी सीए असण्याची गरज नाही. चिकाटी, इंटरनेट आणि अर्जांच्या फीपुरते पैसे पुरतात.

आधी एक गोष्ट पक्की करा: समितीला स्वतःची तिजोरी नसते

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसली की बहुतेक समित्या आपापल्या खर्चाची मागणी हाउस ॲडमिनिस्ट्रेशन या समितीपुढे मांडतात. मग एका ठरावाने प्रत्येक समितीला तिची रक्कम मिळते, आणि तिचा एक तृतीयांश वाटा अल्पमतातल्या पक्षाच्या कर्मचाऱ्यांसाठी असावा असा संकेत आहे. त्यामुळे तिथे अमुक समितीचं बजेट किती, या प्रश्नाला सरळ उत्तर असतं.

आपल्याकडे तसं नाही. लोकलेखा समिती असो वा याचिका समिती, तिला कर्मचारी, खोल्या, स्टेनो, छपाई हे सगळं विधानसभा सचिवालय पुरवतं. हे सचिवालय सरकारच्या मंत्रालयाहून वेगळं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८७ मध्ये त्याची तरतूद आहे, आणि ती विचारपूर्वक केलेली आहे: ज्या सरकारची तपासणी करायची त्याच सरकारच्या कारकुनांवर सभागृहाने अवलंबून राहू नये. पैसा मात्र राज्याच्या त्याच संचित निधीतून, म्हणजे मुख्य तिजोरीतून येतो, आणि तो सभागृहाच्या मंजुरीने येतो.

समितीचा खर्च साधारण या वाटांनी वाहतो. सदस्यांचे भत्ते आणि प्रवास ही पहिली वाट. तिला आधार १९७२ च्या मध्यप्रदेश विधानमंडळ सदस्य वेतन, भत्ता व पेन्शन अधिनियमाचा. सचिवालयाचे पगार, छपाई आणि कार्यालयीन खर्च ही दुसरी. तिसरी वाट यजमानाची, म्हणजे ज्या जिल्ह्यात किंवा ज्या खात्याच्या दारात समिती जाते त्याची. चौथी फक्त काही समित्यांना लागू पडते आणि ती ग्वाल्हेरच्या झाशी रोडवरून जाते. तिच्याकडे पुढे येऊ.

समित्यांची हिंदी नावं जवळ ठेवा, कारण कागद हिंदीतच मिळणार आहेत. आपले पुण्या-मुंबईचे नातेवाईक जिला अंदाज समिती म्हणतात ती इथे प्राक्कलन समिति. विनंती अर्ज समिती म्हणजे याचिका समिति. सार्वजनिक उपक्रम समितीचं पूर्ण नाव सरकारी उपक्रमों संबंधी समिति. आश्वासन समिती, विशेषाधिकार समिती, लोकलेखा समिती ही नावं जवळपास तशीच आहेत. महाराष्ट्राच्या बजेटात ज्याला दत्तमत म्हणतात ते इथे मतदेय. भारित दोन्हीकडे भारितच. (या दोन शब्दांचा अर्थ पहिल्या पायरीत येतो.)

पायरी पहिली: बजेटच्या पुस्तकात २०११ शोधा

हे साल नव्हे, लेखाशीर्ष आहे, म्हणजे खर्चाचं खातं ओळखण्याचा क्रमांक. देशातल्या सगळ्या सरकारांच्या हिशेबाची शीर्षं एकाच यादीतून येतात, आणि २०११ म्हणजे संसद व विधानमंडळं. २०१२ राष्ट्रपती-राज्यपालांचं, २०१३ मंत्रिपरिषदेचं. पहिला आकडा २ किंवा ३ असला की तो महसुली खर्च. ४ किंवा ५ असला की भांडवली. इतकं लक्षात राहिलं तरी बजेटची निम्मी भीती जाते.

राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर बजेटचे खंड असतात. अनुदानाच्या मागण्यांच्या यादीत राज्य विधान मंडल ही मागणी काढा. मागणी क्रमांक पाठ करू नका, क्रमांक राज्यागणिक वेगळे असतात. २०११ मात्र सगळीकडे तेच. त्याखाली ०२ हे उपमुख्य शीर्ष राज्य विधानमंडळांचं. पुढे लघुशीर्ष येतं: १०१ म्हणजे विधानसभा, १०३ म्हणजे विधानमंडळ सचिवालय. मध्ये १०२ दिसलं नाही तर गोंधळू नका, ते विधान परिषदेचं आहे आणि मध्यप्रदेशात विधान परिषद नाही.

आमदारांचं वेतन, भत्ते, प्रवास १०१ खाली. सचिव, अवर सचिव, समिती अधिकारी, रिपोर्टर, शिपाई यांचा खर्च १०३ खाली. यापुढचं विभाजन खर्चाच्या जातीप्रमाणे होतं: वेतन, महागाई भत्ता, प्रवास खर्च, कार्यालयीन खर्च वगैरे. म्हणजे विधानसभेचा एकूण प्रवास खर्च सापडेल, पण अधिवेशनाला भोपाळला जाणं आणि समितीबरोबर ग्वाल्हेरला येणं त्यात एकत्र मिसळलेलं असेल. त्यांची फोड बजेट करून देत नाही. ती आपल्याला पुढच्या पायऱ्यांवर करायची आहे.

पान वाचताना तीन गोष्टी तपासा. एक, पानाच्या माथ्यावर रक्कम कशात आहे: रुपये, हजार की लाख. इथे चूक झाली की पुढचा सगळा हिशेब हास्यास्पद होतो, आणि चुकीचा आकडा घेऊन कुणी पत्रकार परिषद घेतली तर समितीचा मुद्दा कायमचा बुडतो. दोन, रकाने. २०२५-२६ च्या बजेटात २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च असतो, २०२४-२५ चा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज असतो, आणि २०२५-२६ चा नवा अंदाज. बातमीत नेहमी शेवटचा रकाना येतो. आपल्या कामाचा पहिला.

तीन, भारित आणि मतदेय. अनुच्छेद २०२(३) प्रमाणे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांचं वेतन-भत्ते संचित निधीवर भारित असतात, म्हणजे त्यावर मतदान होत नाही, चर्चा मात्र होऊ शकते. बाकीचा खर्च मतदेय. कागदावर त्याला सभागृह मंजुरी देतं, पण त्या चर्चेकडून फार आशा ठेवू नका. लोकसभेत तर लोकसभा-राज्यसभेच्या स्वतःच्या मागण्यांवर चर्चा न करण्याचाच संकेत आहे. आपल्याच घरखर्चाची चर्चा चारचौघांत करायला सभागृहालाही संकोच वाटतो, असं म्हणू या. परिणाम इतकाच की या शीर्षाखालच्या आकड्यांना प्रश्न विचारणारा सभागृहात क्वचित सापडतो, म्हणून तो बाहेर असावा लागतो.

आणखी दोन जागी डोकावा. माजी आमदारांची पेन्शन २०११ मध्ये नसते; ती २०७१ या निवृत्तिवेतनाच्या शीर्षाखाली असते. इमारतीचं मोठं बांधकामही इथे नसतं. समितीच्या कामकाजाशी या दोन्हींचा संबंध नाही, पण विधानसभेवर इतके कोटी खर्च, अशा मथळ्यांत हे सगळं एकत्र कालवलेलं असतं. आपण कालवायचं नाही.

निवडणुकीच्या वर्षी थोडी जास्त काळजी घ्या. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे मध्यप्रदेशात फेब्रुवारीत लेखानुदान आणि जुलैत पूर्ण बजेट आलं. लेखानुदानाचा आकडा काही महिन्यांपुरता असतो. तो वर्षाचा समजून तुलना करू नका. शिवाय वर्षभरात अनुपूरक मागण्या येतात, त्यांची पुस्तकं वेगळी असतात. त्यांतही २०११ शोधा.

पायरी दुसरी: झाशी रोडवरचं ऑफिस

ग्वाल्हेरकराला याचं वेगळं महत्त्व सांगायला नको. एजी ऑफिस, म्हणजे राज्याचे हिशेब बघणाऱ्या महालेखाकारांचं कार्यालय, आपल्याकडे पत्ता सांगण्याची खूण आहे, आणि शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत तिथे नोकरी केलेलं कुणीतरी निघतंच. १९५६ साली नवं मध्यप्रदेश झालं, राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला गेलं, आणि महालेखाकार ग्वाल्हेरच्या वाट्याला राहिले. (त्याआधी मध्यभारताची विधानसभा इथेच मोतीमहालात भरत असे. तेव्हाच्या समित्यांना ग्वाल्हेर दौऱ्याचं बिल लावायची गरज नव्हती.)

महालेखाकारांच्या कामाचे आपल्यासाठी दोन कागद आहेत. वित्त लेखे आणि विनियोजन लेखे. दोन्ही कॅगच्या (देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या) संकेतस्थळावर राज्यवार मिळतात. विनियोजन लेख्यात प्रत्येक मागणीखाली सभागृहाने किती मंजूर केलं, प्रत्यक्ष किती खर्च झालं आणि किती उरलं किंवा वर गेलं हे असतं; फरक मोठा असेल तर खात्याने दिलेलं कारणही असतं. पद रिक्त राहिल्याने बचत, असं वाक्य २०११ खाली दिसलं तर त्यावर खूण करा. समित्यांना माणसं मिळत नाहीत याचा तो सरकारी पुरावा असू शकतो, आणि माझ्या मते जेवणाच्या बिलापेक्षा तो जास्त गंभीर आहे.

आता चौथी वाट. लोकलेखा समितीचं मुख्य खाद्य म्हणजे कॅगचे अहवाल. ते अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांमार्फत सभागृहापुढे येतात, आणि समिती खात्याला प्रश्न विचारते तेव्हा महालेखाकारांची माणसं तिला मदत करायला हजर असतात. त्यामागचं संशोधन, तपासणी, मसुदा या सगळ्याचा खर्च राज्याच्या २०११ मध्ये कुठेच दिसत नाही, कारण कॅगच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद १४८(६) प्रमाणे भारताच्या संचित निधीवर भारित आहे. म्हणजे लोकलेखा समितीला तयार तपासनीस मिळतात आणि त्यांचा पगार केंद्र भरतं. सरकारी उपक्रम समितीलाही कंपन्यांवरच्या कॅग अहवालांचा असाच आधार असतो. याचिका समितीला किंवा आश्वासन समितीला असलं काही नाही. त्यांच्यामागे सचिवालयाची मोजकी माणसं असतात. दोन समित्यांच्या खर्चाची तुलना करताना हा फरक विसरलात तर एक समिती फुकटात काम करते आणि दुसरी महागात पडते, असा उलटा निष्कर्ष निघेल.

पायरी तिसरी: भोपाळला अर्ज

बजेट आणि लेखे जिथे थांबतात तिथून माहिती अधिकार सुरू होतो. विधानसभा सचिवालय २००५ च्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण आहे. विधानसभेसाठी त्या कायद्यातले सक्षम प्राधिकारी म्हणजे अध्यक्ष, आणि नियम करण्याचा अधिकार त्यांना आहे. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी फी किती आणि कशी भरायची ते विधानसभेच्या संकेतस्थळावर पाहा. कलेक्टर कचेरीची पद्धत तिथे चालेल असं गृहीत धरू नका. फीच्या कारणावरून अर्ज परत आला की महिना फुकट जातो.

अर्ज हिंदीत, एका अर्जात एकच समिती आणि एकच आर्थिक वर्ष. हे विचारा:

अमुक समितीच्या त्या वर्षातल्या बैठकींच्या तारखा, ठिकाणं आणि प्रत्येक बैठकीला हजर सदस्यांची संख्या. त्या बैठकींसाठी सदस्यांना दिलेला दैनिक भत्ता आणि प्रवास भत्ता, समितीची एकूण रक्कम. अभ्यासदौऱ्यांचे मंजूर कार्यक्रम, दौऱ्यांचा एकूण खर्च आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून झाला. समिती शाखेत मंजूर पदं किती, भरलेली किती. वर्षभरात सभागृहाला सादर केलेल्या अहवालांची यादी.

आमदारांची नावं घालून प्रत्येकाचा भत्ता मागण्याचा मोह होईल. पहिल्या अर्जात टाळा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(जे) अधिक कडक केलं आहे, आणि नावानिशी मागितलेली माहिती वैयक्तिक म्हणून नाकारणं सोपं झालं आहे. आपल्याला समितीचा खर्च हवाय, व्यक्तीचा नव्हे. एकूण रक्कम मागा.

दुसरा अडसर कलम ८(१)(सी) चा: विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती देता येत नाही. समितीपुढची साक्ष, मसुदा अहवाल, आतली चर्चा हे सगळं अहवाल सादर होईपर्यंत गोपनीय असतं आणि ते मागूही नये. पण टॅक्सीचं बिल म्हणजे साक्ष नव्हे. अर्जातच एक वाक्य घाला: समितीच्या कार्यवाहीची माहिती मागितलेली नसून फक्त सार्वजनिक निधीच्या खर्चाची मागितली आहे, आणि काही भाग वगळावा लागत असेल तर कलम १० प्रमाणे उरलेला द्यावा. माहिती कशासाठी हवी ते लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे कारण विचारण्याचा अधिकार कुणाला नाही, आणि कारण लिहिलं की उगाच वाद वाढतो.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. न आलं तर तो नकारच मानला जातो. पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

पायरी चौथी: यजमानाचा खिसा

लेखाचा गाभा हाच, कारण हा भाग भोपाळच्या कुठल्याच पुस्तकात नाही आणि ग्वाल्हेरकराइतक्या सहजपणे तो दुसऱ्या कुणाला मिळू शकत नाही.

समिती दौऱ्यावर निघते तेव्हा सदस्यांचा भत्ता सचिवालय देतं. पण स्टेशनवर गाड्या लागतात, सर्किट हाउसात खोल्या लागतात, नाश्ता-जेवण लागतं, बैठकीचा हॉल, माइक, फोल्डर, पुष्पगुच्छ लागतात. पाहणीला जायचं तर दहा गाड्यांचा ताफा लागतो. यातलं बरंचसं स्थानिक प्रशासन किंवा ज्या खात्याची तपासणी आहे ते खातं उभं करतं. म्हणजे ज्याची चौकशी करायची त्याच्याच पाहुणचारात राहायचं. ही रचनाच चुकीची आहे असं माझं मत आहे, मग पाहुणचार कितीही साधा असो. रेल्वेच्या तिकिटाप्रमाणेच खोलीचा आणि जेवणाचा खर्चही सचिवालयाने द्यावा आणि बिलावर सही करावी. ज्याला आपण समितीची काटकसर म्हणतो ती बऱ्याचदा फक्त खर्च दुसऱ्याच्या खात्यावर सरकवणं असते.

याची टोकाची बाजू महाराष्ट्राने पाहिली. मे २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा धुळ्यात असताना सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलीतून दीड कोटींहून जास्त रोकड मिळाली आणि चौकशी लागली. पैसा कुणाचा, कशाचा, हा त्या चौकशीचा विषय. आपल्यापुरता धडा हा की दौऱ्याच्या खर्चाचे कागद नसले की संशयाला भरपूर जागा मिळते, आणि प्रामाणिक सदस्यही त्यात भरडला जातो.

ग्वाल्हेरात माग असा काढा. सगळ्यात आधी सचिवालयाने कलेक्टरला पाठवलेलं दौऱ्याचं पत्र मिळवा. त्यात तारखा, येणाऱ्यांची संख्या, निवास-वाहनाची मागणी असते, आणि वर जावक क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे किल्ली. पुढच्या प्रत्येक अर्जात तो घातला की, अशी माहिती संधारित नाही (आमच्याकडे ठेवलेली नाही), हे उत्तर देणं अवघड होतं. पत्राच्या आधारे कलेक्टर कचेरीतून एक आदेश निघतो: अमुक अधिकाऱ्याकडे निवास, तमुककडे वाहन, आणखी कुणाकडे भोजन. या आदेशाची प्रत मागा. कुणाला विचारायचं त्याची यादी तोच हातात देतो.

मग एकेका दारात जा. पाहुणचाराची बिलं कलेक्टर कचेरीच्या नजारत शाखेत, म्हणजे सरबराई बघणाऱ्या शाखेत लागतात. तिथे सत्कार व्ययाखालची (पाहुणचाराच्या खर्चाची) त्या तारखांची व्हाउचर मागा. सर्किट हाउसच्या वहीत खोल्या कुणाच्या नावे, किती रात्री आणि भाडं कुणी भरलं हे पाहायला मिळतं. वहीची प्रत मागण्यापेक्षा निरीक्षण मागा. कायद्याने तो हक्क आहे, आणि तासाभरात जे दिसतं ते पन्नास झेरॉक्स प्रतींत दिसत नाही.

गाड्यांचं प्रकरण जरा किचकट. भाड्याने घेतलेल्या गाडीचं बिल सापडतं, पण बऱ्याच गाड्या वेगवेगळ्या खात्यांकडून उचललेल्या असतात आणि त्यांचं डिझेल त्या त्या खात्याच्या खर्चात जातं. म्हणून लॉगबुक. त्या दोन-तीन तारखांची लॉगबुकची पानं पीडब्ल्यूडी, नगर निगम, सिंचन अशा खात्यांकडून मागा. प्रवासाचं कारण या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. वसुली निरीक्षण असं लिहिलेली गाडी समितीच्या ताफ्यात फिरत होती, हे स्थानिक पेपरातल्या फोटोशी तारीख जुळवून कळू शकतं.

समिती सरकारी उपक्रमांची असेल तर यजमान कंपनी असते. ग्वाल्हेरची वीज मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडून येते. असल्या कंपनीचा पाहुणचाराचा खर्च राज्याच्या संचित निधीतून जातच नाही, कंपनीच्या किरकोळ खर्चात बसतो. तो बजेटात शोधत बसणं व्यर्थ. कंपनीकडे स्वतंत्र अर्ज करा. सरकारी मालकीची असल्याने तिलाही हा कायदा लागू आहे.

राज्याच्या कार्यालयांत अर्जाची फी १० रुपये, पहिल्या अपिलाची ५०, दुसऱ्याची १००. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला अर्जाची फी माफ असते. अर्ज चुकीच्या दारात पडला तर पाच दिवसांत योग्य दारात पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची, कलम ६(३) प्रमाणे.

आणि उत्तर आलं की, कोई व्यय नहीं हुआ? ते फेकू नका, फाइलला लावा. अकरा आमदार, त्यांचे सहायक आणि सचिवालयाचे अधिकारी दोन दिवस हवेवर राहिले नसतील. खर्च झाला आणि कागद नाही, याचा अर्थ तो कुणातरी कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या किंवा ठेकेदाराच्या अंगावर पडला असू शकतो. तसा आरोप करू नका, पुरावा नाही. पुढच्या अर्जात एवढंच विचारा: सदर तारखांना भोजनव्यवस्था कुणाच्या आदेशाने, कुठल्या पुरवठादाराने केली?

पायरी पाचवी: बेरीज

वहीत किंवा एक्सेलमध्ये चार रकाने पाडा: सदस्य, सचिवालय, यजमान, केंद्र. शेवटच्यात रक्कम लिहायची नाही, कॅगची मदत मिळते का एवढंच: हो किंवा नाही.

सदस्यांचा रकाना सोपा, तो तिसऱ्या पायरीवरून तयार मिळतो. सचिवालयाचा अंदाजाने भरावा लागतो. समजा समिती शाखेत पाच माणसं आहेत आणि ती दोन समित्यांचं काम बघतात. मग त्यांच्या वार्षिक पगाराचा निम्मा भाग एका समितीवर टाका आणि खाली तसं लिहून ठेवा. अंदाज असणं चुकीचं नाही, तो लपवणं चुकीचं. यजमानाच्या रकान्यात मिळालेली बिलं, आणि न मिळालेल्यांच्या जागी रिकामी चौकट. तिथे शून्य लिहू नका.

एकूण रक्कम आली की तिला बैठकींच्या संख्येने भागण्याची घाई होते. प्रति बैठक इतके हजार, छान मथळा होतो. पण वर्षात दोनच बैठका घेणारी समिती स्वस्त असते आणि निरुपयोगीही. त्यापेक्षा शेजारी तीन गोष्टी लिहा: किती अहवाल सादर झाले, किती शिफारशींवर खात्याचं उत्तर आलं, आणि दौऱ्यात जे पाहिलं त्याचा अहवालात उल्लेख आहे का. ग्वाल्हेरला दोन दिवस घालवून गेलेल्या समितीच्या अहवालात ग्वाल्हेरचं नावच नसेल, तर तो दौरा कितीही काटकसरीने झालेला असो, महागच.

आकडे पाहून खर्च कमी करा अशी मागणी करण्याआधी एकदा थांबा. राज्याच्या एकूण बजेटपुढे समित्यांचा खर्च अगदी किरकोळ असतो, आणि तो आणखी कापला तर आनंद होईल तो तपासणी टळलेल्या खात्यांना. मला विचाराल तर समित्यांना पैसे जास्त हवेत: संशोधक हवेत, आकडे वाचणारी माणसं हवीत, आणि राहण्याखाण्यासाठी स्वतःचा निधी हवा. मागणी करायचीच तर दोन करा: समितीनिहाय वार्षिक खर्च विधानसभेने स्वतःहून संकेतस्थळावर टाकावा (कलम ४ चा रोख तोच आहे), आणि दौऱ्याचा स्थानिक खर्च सचिवालयाच्या शीर्षातून व्हावा.

हिशेब हाती आल्यावर

ओळखीच्या आमदाराकडे नेलात तर तो म्हणेल, सचिवालयाबद्दल सभागृहात प्रश्न विचारत नाहीत. बरोबर आहे, ते अध्यक्षांना पत्र लिहून विचारायचं असतं. पण ऊर्जा खात्याने किंवा नगरीय प्रशासन खात्याने वर्षभरात पाहुणचारावर किती खर्च केला, हा प्रश्न मंत्र्याला विचारता येतो. उत्तर खात्याकडून येतं, समितीच्या कामकाजाला हात लागत नाही, आणि उत्तर छापलं जातं. आमदाराला प्रश्नाचा मसुदा तयार करूनच द्या. तारखा आणि दौऱ्याच्या पत्राचा क्रमांक घालून.

दुसरा मार्ग थेट समितीकडे जाण्याचा. समितीच्या सभापतींना साधं पत्र लिहा, सोबत तक्ता जोडा, आणि रिकाम्या चौकटी भरून मागा. चांगला सभापती याने चिडत नाही. आपल्या नावावर खात्यांनी काय काय लावलंय हे त्यालाही बहुधा पहिल्यांदाच कळत असतं.

वेळेचं गणित सांभाळा. दौरा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकलात तर बिलं लागलेली नसतात आणि खर्च झाला नाही हे उत्तर खरंच ठरतं. साधारण दीड-दोन महिन्यांनी टाका. दौरा फेब्रुवारी-मार्चमधला असेल तर मार्चअखेरची धावपळ उलटू द्या आणि अर्जात दोन्ही आर्थिक वर्षं लिहा, कारण मार्चची बिलं एप्रिलात सरकलेली असतात. लॉगबुकचा अर्ज मात्र आधी टाकला तरी चालतो. लॉगबुक गाडी फिरते त्याच दिवशी लिहिलं जातं, निदान तसा नियम आहे.